एका डिस्कवरची दोन बिऱ्हाडं

हैदराबादच्या अंबरपेठेत राहतो असं सांगितलं की पुण्यामुंबईचा माणूस हमखास ‘अमीरपेठ’ ऐकतो आणि विचारतो, ‘म्हणजे ते क्लासेसवालं ना?’ नाही. क्लासेसवालं अमीरपेठ शहराच्या दुसऱ्या अंगाला. मैत्रीवनमच्या आसपास जावा, पायथन, टेस्टिंग असल्या पाट्यांनी तिथे भिंती झाकल्या आहेत. आमचं अंबरपेठ मुसी नदीच्या बाजूचं. गोलनाका, पटेलनगर, बाग अंबरपेठ, दुर्गाबाई देशमुखांच्या नावाची डी. डी. कॉलनी आणि कंडक्टर ‘छे नंबर’ म्हणून पुकारतो तो बसथांबा. पण या दोन पेठांचा संबंध आहे. शिकायला अमीरपेठ आणि राहायला अंबरपेठ, असा हिशेब करणारी मुलं इथल्या गल्ल्यांत पुष्कळ. उस्मानिया विद्यापीठ शेजारी, काचीगुडा स्थानक जवळ, आणि त्या स्थानकावर मराठवाड्याकडून गाड्या येतात.

मराठी इथे पाहुणी नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाडा आणि हे शहर एकाच हैदराबाद राज्यात होते. जांबागेतली विवेकवर्धिनी, मराठी साहित्य परिषद, तिचं ‘पंचधारा’ हे नियतकालिक, ही त्या जुन्या नात्याची आजही चालती नावं. इथे मराठी शिकवली जाते, लिहिली जाते, छापली जाते. छापली जाते म्हणजे इथल्या कुठल्यातरी संगणकांवर मराठी फायली तयार होतात, दुरुस्त होतात, हरवतात आणि पुन्हा टाइप केल्या जातात. प्रस्तुत पुस्तिकेचा जन्म त्या हरवण्यातून झाला आहे.

पुस्तिकेचा विषय एका वाक्यात मावतो: एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर आपल्या फायली दोन्हीकडून सुखाने कशा वापरायच्या. असा लॅपटॉप कुणाच्या घरी असतो, हा प्रश्न मला प्रस्तावना लिहायला बसताना विचारला गेला. उत्तर आमच्याच भागात आहे. घरात लॅपटॉप एक. वडील स्मरणिका, पत्रिका, संस्थेचे अहवाल असलं अक्षरजुळणीचं काम करतात. त्यांचं सारं जग विंडोजवर, कारण पेजमेकर तिथेच चालतो आणि जुने फाँटही तिथेच. मुलगी इंजिनिअरिंगला, तिच्या प्रॅक्टिकलला लिनक्स लागतं. दुसरा लॅपटॉप घेण्याची ऐपत असती तर ही पुस्तिका लागली नसती. म्हणून डिस्कचे दोन भाग होतात आणि सुरू करताना पडद्यावर विचारणा येते: कुठे जायचं? इथवर सगळं ठीक. वडिलांनी विंडोजमध्ये केलेला अहवाल मुलीला लिनक्समधून छापायचा असतो, तेव्हा या दोन बिऱ्हाडांच्या मधली भिंत जाणवते.

हल्ली त्यात आणखी एका गर्दीची भर पडली आहे. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो. धडधाकट लॅपटॉप भंगारात टाकायला मन होत नाही, आणि एका रात्रीत विंडोज सोडण्याची हिंमतही होत नाही. अशी माणसं दोन्ही ठेवतात. माझ्या मते ते शहाणपणाचंच आहे, फक्त त्याची किंमत आधी माहीत हवी.

गंमत अशी की या दोन्ही प्रणालींचे पाईक याच शहरात आहेत. मायक्रोसॉफ्टचं भारतातलं विकास केंद्र १९९८ मध्ये हैदराबादेत सुरू झालं. आणि मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी २००५ मध्ये याच शहरातून ‘स्वेच्छा’ ही तेलुगूत बोलणारी लिनक्स प्रणाली काढली. दोन्हीकडची हुशार माणसं एकाच रस्त्यावरच्या ट्रॅफिकमध्ये अडकत असतील. तरी आमच्या वडील-मुलीचा प्रश्न त्यांच्यापैकी कुणी मराठीत सोडवून दिलेला नव्हता.

इंग्रजीत या विषयावर ढीगभर मजकूर आहे. तो वाचून काम भागत असतं तर ही पुस्तिका निघाली नसती. पण तो मजकूर लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर फाईलचं नाव इंग्रजी असतं, आतला मजकूर इंग्रजी असतो आणि फाँटचा प्रश्नच नसतो. त्यामुळे डिस्कची गोष्ट सांगून तो मोकळा होतो. मराठी माणसाची अर्धी फजिती डिस्कच्या पुढे सुरू होते. डिस्क उघडली, फाईल दिसली, पण नाव अडलं. नाव सुटलं, फाईल उघडली, पण आत अक्षरांऐवजी कचरा. या पुढच्या अर्ध्याबद्दल लिहिणारं मला दुसरं काही सापडलं नाही, आणि म्हणूनच प्रस्तावना लिहायला मी आनंदाने तयार झालो.

आधी डिस्ककडे. विंडोज आपल्या फायली एनटीएफएस या पद्धतीने ठेवतं. ही पद्धत १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर आली. लिनक्स बहुतेक वेळा एक्स्ट४ वापरतं, जे २००८ च्या अखेरीस वापरण्याजोगं पक्कं झालं. देवाणघेवाण मात्र एकतर्फी आहे. लिनक्सला विंडोजची डिस्क वाचता येते आणि लिहिताही येते. २००७ मध्ये एनटीएफएस-३जी हा त्यासाठीचा ड्रायव्हर पक्का झाला आणि २०२१ मध्ये पॅरागॉन कंपनीने दिलेला दुसरा ड्रायव्हर थेट लिनक्सच्या गाभ्यात, ५.१५ या आवृत्तीत गेला. उलट बाजूने विंडोज लिनक्सच्या विभागाकडे पाहतसुद्धा नाही. पाहिलंच, तर कधी कधी ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल’ अशी खिडकी दाखवतं. त्या खिडकीला उत्तर एकच: नाही. घाईत ‘हो’ दाबलेली माणसं मी पाहिली आहेत.

यावरून कुणालाही वाटेल की लिनक्सला दोन्ही येतं, तर सगळ्या फायली विंडोजच्या सी ड्राइव्हमध्येच राहू द्याव्यात आणि मुलीने तिथून घ्याव्यात. लेखकांचा याला ठाम विरोध आहे आणि माझाही. त्यांचं म्हणणं असं की फायलींना तिसरा विभाग द्या. त्यात ना विंडोज असेल ना लिनक्स. फक्त आपलं काम असेल. उद्या विंडोज बिघडलं, पुसून नव्याने टाकावं लागलं, तर त्या विभागाला हात लागू नये. परवा लिनक्सची दुसरी आवृत्ती बसवावीशी वाटली, तरीही नाही. पुस्तिकेतल्या सगळ्या सूचना या एका निर्णयातून निघतात. ज्याला बाकीची पानं वाचायचा कंटाळा असेल त्याने निदान एवढं करावं.

तो तिसरा विभाग कोणत्या पद्धतीचा असावा यावर दोन पक्ष आहेत. फॅट३२ चा विचार सोडून द्या. १९९६ च्या या पद्धतीत ४ जीबीहून मोठी फाईल बसत नाही, आणि एखाद्या कार्यक्रमाचं चित्रीकरण सहज त्याच्या वर जातं. एक्सफॅट मोहात पाडतं. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये त्याचा तपशील खुला केला, पुढच्या वर्षी सॅमसंगने दिलेला ड्रायव्हर लिनक्समध्ये आला, आणि आता ते दोन्हीकडे विनासायास चालतं. पेनड्राइव्हसाठी उत्तम. पण त्यात नोंदवही नसते. म्हणजे लिहिताना मध्येच यंत्र बंद पडलं तर काय अर्धवट राहिलं याचं टिपण त्याच्याकडे नसतं. बॅटरी मेलेला जुना लॅपटॉप प्लगवर चालवायचा आणि उन्हाळ्यात वीज जायची, ही परिस्थिती ज्याच्या घरी आहे त्याने एनटीएफएसच घ्यावं. फक्त ते दुरुस्त करायची वेळ आली तर काम विंडोजला सांगावं. लिनक्सकडची दुरुस्ती वरवरची असते.

प्रोग्रामिंग करणाऱ्या मुलांसाठी एक पुस्ती. या सामाईक विभागात लिनक्सचे मालकीचे आणि परवानग्यांचे नियम नीट टिकत नाहीत; कधी सगळ्याच फायली ‘चालवण्याजोग्या’ दिसतात आणि गिट उगाच बोंबलतं. कोड लिनक्सच्या घरातच ठेवा. सामाईक विभाग कागदपत्रं, फोटो, गाणी, पीडीएफ यांचा.

आता त्या तक्रारीकडे, जिच्यामुळे लोक वैतागून लिनक्स काढून टाकतात. विंडोज नीट बंद केलं, लिनक्स सुरू केलं, आणि सामाईक विभाग उघडायला गेलं तर उघडत नाही, किंवा उघडतो पण काही लिहू देत नाही. संदेशात ‘हायबरनेट’ असा शब्द दिसतो. माणूस म्हणतो, मी तर शट डाउन केलं होतं! केलं नव्हतं. २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. तुम्ही शट डाउन दाबता तेव्हा विंडोज तुमचे प्रोग्राम बंद करतं, पण स्वतःचा गाभा झोपवून त्याची प्रत डिस्कवर ठेवतं, म्हणजे सकाळी लवकर उठता येईल. डिस्कचा हिशेब त्याच्या डोक्यात उघडाच राहतो. अशा वेळी लिनक्सने तिथे काही लिहिलं तर सकाळी उठलेलं विंडोज जुन्या हिशेबावर पुढे चालतं आणि दोन्हीकडचं लिहिणं एकमेकांवर चढतं. लिनक्स अडवणूक करत नाही. तुमच्या वडिलांचा अहवाल वाचवतं.

यातली खरी खोड अशी की ‘रीस्टार्ट’ने विंडोज पूर्ण बंद होतं आणि ‘शट डाउन’ने होत नाही. सामान्य बुद्धीच्या नेमकं उलट. कंट्रोल पॅनलच्या पॉवर विभागात जाऊन ही सोय कायमची बंद करायची, किंवा शिफ्ट दाबून शट डाउन करायचं, एवढाच उपाय. पुस्तिकेत चित्रांसह दिला आहे. मोठ्या अपडेटनंतर ती सोय बंदच आहे ना, ते पुन्हा तपासावं. आणि हाच नियम उलटही लागू: लिनक्स झोपवून विंडोजमध्ये जाऊ नये. दोघांपैकी एकाच्याच हातात एका वेळी किल्ली.

आता नावांकडे. हा भाग मी स्वतः सगळ्यात रस घेऊन वाचला, कारण अक्षरजुळणी करणाऱ्यांना फाईलच्या नावात सगळा इतिहास लिहायची सवय असते. समजा एका स्मरणिकेतल्या लेखाच्या फाईलचं नाव असं आहे: ‘मराठवाडा मुक्तिसंग्रामातील हैदराबादच्या मराठी शाळांचे योगदान - दुसरे प्रूफ - लेखकाकडून आलेल्या दुरुस्तीसह’, आणि पुढे वर्डचं बिंदूसह ५ अक्षरी शेपूट. विंडोजला यात काही गैर वाटत नाही. त्याची मर्यादा २५५ खुणांची. प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त आणि मोकळी जागा एकेक खूण धरली तर हे नाव ११० खुणांचं. निम्म्याहून कमी. हीच फाईल लिनक्सच्या घरात कॉपी करायला घ्या. नाव फार लांब आहे म्हणून नकार येतो.

कारण लिनक्सची मर्यादाही २५५ चीच, पण ती खुणांची नाही, बाइटांची. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक खुणेला ३. वरच्या नावात देवनागरीच्या खुणा ९१, म्हणजे २७३ बाइट तिथेच झाले; मोकळ्या जागा, दोन आडव्या रेघा आणि शेपूट धरून २९२. इंग्रजी लिहिणाऱ्याला २५५ अक्षरं मिळतात, मराठी लिहिणाऱ्याला ८५ खुणा. त्यातही ‘मुक्तिसंग्रामातील’ या एकाच शब्दात १७ खुणा जातात. इंग्रजी मार्गदर्शिकांत ही गोष्ट येत नाही, कारण इंग्रजी नावाला त्या मर्यादेशी भिडायची वेळच येत नाही. ‘बॅकअप पूर्ण झाला’ असं समजून माणूस मोकळा होतो आणि मागे राहिलेल्या फायली नेमक्या लांब नावांच्या, म्हणजे काळजीपूर्वक नाव दिलेल्या असतात.

दुसरा प्रकार याहून चकवणारा. या प्रस्तावनेच्या शीर्षकातला ‘बिऱ्हाडं’ शब्द पाहा. त्यातला चंद्राकार रफार दोन प्रकारांनी टाइप होतो. एक, ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त देऊन. तेव्हा शब्द ८ खुणांचा. दोन, साध्या ‘र’ला हलन्त आणि पुढे एक न दिसणारी जोडखूण देऊन, तेव्हा ९ खुणांचा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकासाठी ते दोन वेगळे शब्द. घरात दोन प्रणाली म्हणजे बहुधा दोन कीबोर्डपद्धती: वडील त्यांच्या सवयीच्या फोनेटिकने टाइप करणार, मुलगी इनस्क्रिप्टने. मग एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फायली शेजारी शेजारी उभ्या राहतात, आणि ‘एकाच नावाच्या दोन फायली असूच शकत नाहीत’ हा आपला विश्वास उडतो. शोध घ्यायला गेलं की एकच सापडते. दऱ्या, वाऱ्यावर, सुट्ट्यांचे कोऱ्या पानांवरचे गृहपाठ, जिथे जिथे हा रफार तिथे तिथे हा धोका. घरात कीबोर्ड एकच ठरवा, असं लेखक सांगतात. इनस्क्रिप्ट दोन्ही प्रणालींत मुळातच असतो, म्हणून त्यांचा कौल त्याला. माझाही. पहिले काही दिवस बोटं शिव्या देतात, मग विसरतात.

विरामचिन्हांचा मुद्दा लहान पण छळणारा. विंडोजला नावात विसर्गासारखा दिसणारा इंग्रजी अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, सरळ अवतरणचिन्ह, तारका, उभी रेघ चालत नाही. लिनक्सला चालते. मुलीने लिनक्समधून ‘मराठी शाळा टिकतील का?’ असं नाव दिलं की ती फाईल विंडोजमध्ये दिसेल, उघडणार नाही. सामाईक विभाग जोडताना विंडोजला न चालणारी नावं घेऊच नयेत अशी ताकीद लिनक्सला देता येते. कुठे काय लिहायचं ते दुसऱ्या प्रकरणात आहे. इंग्रजीतल्या लहान-मोठ्या अक्षरांच्या घोळातून मात्र देवनागरीने आपल्याला वाचवलं आहे. कुठेतरी आपला फायदा.

घड्याळाची भानगड अनेकांना फाईलशी असंबद्ध वाटेल. लॅपटॉपच्या आतल्या घड्याळात विंडोज भारतीय वेळ लिहितं; लिनक्स जागतिक वेळ लिहितं आणि दाखवताना साडेपाच तास मिळवतं. दोघांना एकमेकांचं माहीत नाही. रात्री ९ वाजता लिनक्समध्ये मुलीने अहवाल दुरुस्त केला, मग वडिलांनी विंडोज सुरू केलं. घड्याळात त्यांना दुपारचे साडेतीन दिसतात. इंटरनेटवरून वेळ दुरुस्त होण्याआधी त्यांनी जे जतन केलं त्यावर दुपारचा शिक्का बसतो. ‘नवी प्रत ठेव, जुनी टाक’ अशा भाषेत बॅकअप घेणारा प्रोग्राम वडिलांची ताजी प्रत जुनी समजून टाकून देतो. उपाय एका ओळीचा आहे आणि एकदाच करायचा आहे. लिनक्सला सांगा की घड्याळ स्थानिक वेळेवर ठेव.

कचऱ्याच्या डब्याचं मी नुसतं नाव घेतो. दोघांचे डबे वेगळे, आणि एकाने टाकलेलं दुसऱ्याच्या डब्यात दिसत नाही, दिसतं ते विचित्र नावाच्या फोल्डरच्या रूपात. डिस्क भरली अशी तक्रार आली की आधी तिथे पाहावं. तसंच लिबरऑफिस आणि वर्ड दोघेही उघड्या फाईलशेजारी एक छोटी खूण-फाईल ठेवतात; समोरच्या प्रणालीत ती भूतासारखी दिसते. घाबरू नये. फाईल दोन्हीकडे बंद असेल तर ती खुशाल पुसावी.

राहिला मजकूर, आणि इथे मराठीचं जुनं दुखणं आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी अक्षरजुळणी श्री-लिपी, सी-डॅकचं आयएसएम अशा पद्धतींनी व्हायची. पुण्यातून निघालेल्या या पद्धतींनी मराठी छपाईला संगणकावर आणलं, आणि त्यांचे उपकार आपण विसरू नयेत. पण त्या काळच्या बहुतेक फाँटांत एक तडजोड होती: फाईलमध्ये साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं, त्यांच्या जागी देवनागरीचे आकार काढतो तो फाँट. फाँट आहे तोवर मराठी. फाँट नाही तर निरर्थक रोमन गिचमिड. विंडोजमध्ये तो फाँट असतो, काही सॉफ्टवेअरना तर डोंगलही लावावं लागायचं. लिनक्समध्ये तीच फाईल उघडली की पान भरून कचरा. फाईल शेअर झाली, बिघडली नाही, एक बाइटही इकडचा तिकडे झाला नाही. तरी वाचता येत नाही.

मुलीच्या पिढीला हे कोडं वाटतं आणि वडिलांच्या पिढीला ते सांगावंसं वाटत नाही, कारण वीस-पंचवीस वर्षांचं काम त्याच फाँटांत पडलेलं असतं. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ ची आहे. ते आज चालतं हेच नवल. म्हणून मी पुस्तिकेच्या शेवटच्या प्रकरणाला सर्वांत जास्त गुण देतो. त्यात जुन्या फायली युनिकोडमध्ये कशा आणायच्या, बदलून झाल्यावर कुठे डोळ्यात तेल घालून तपासायचं (जोडाक्षरं, रफार, ऱ्हस्व इकाराची जागा), आणि मूळ फाईलची पीडीएफ प्रत सोबत का ठेवायची, हे धीराने सांगितलं आहे. हे काम दोन प्रणाली नसल्या तरी करावंच लागणार आहे. दोन प्रणाली आल्या की ते पुढे ढकलता येत नाही, एवढाच फरक.

युनिकोडमध्ये आलेल्या फायलींचाही एक प्रश्न उरतो. विंडोजमधला मंगल किंवा निर्मला फाँट लिनक्समध्ये नसतो. त्याच्या जागी लोहित किंवा नोटो बसतो, ओळी वेगळ्या तुटतात, आणि ४८ पानांची स्मरणिका ५१ पानांवर जाते. मुद्रकाला ५१ पानं चालत नाहीत. मुक्ता, तिरो देवनागरी मराठी, नोटो असे मोफत परवान्याचे फाँट दोन्हीकडे तेच ते बसवले तर ही कटकट बहुतांशी मिटते. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ हवा असेल, आणि २००९ च्या शासन निर्णयाने तोच प्रमाण धरला आहे, तर फाँट निवडतानाच ते पाहून घ्यावं.

सगळ्यांनीच दोन प्रणाली बसवाव्यात असा या पुस्तिकेचा आग्रह नाही, आणि हे तिचं मोठेपण. ज्या विद्यार्थ्याला फक्त लिनक्सच्या आज्ञा शिकायच्या आहेत त्याला विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारी डब्ल्यूएसएल ही सोय पुरते. डिस्क फोडायची गरज नाही. फक्त इंटरनेट आणि लेखन करणाऱ्याला एकटं लिनक्सही पुरेल. हे पहिल्याच पानांवर सांगून लेखकांनी आपले निम्मे वाचक परत पाठवायची तयारी दाखवली आहे. प्रकाशक खूश नसतील. मला ते आवडलं.

एक उणीव सांगतो. ढगातल्या साठवणीबद्दल पुस्तिकेत फारच थोडं आहे. सामाईक विभागातलं एकच फोल्डर दोन्ही प्रणालींतून एकाच ढग-सेवेला जोडायची कल्पना अनेकांना सुचते आणि ती सहसा गोंधळात संपते. काही सेवा तर लिनक्सवर एनटीएफएस स्वीकारतच नाहीत. पुढच्या आवृत्तीत यावर स्वतंत्र प्रकरण हवं.

वाचकांना एक विनंती करून थांबतो. पहिलं प्रकरण उघडण्याआधी दोन कामं करा. सगळ्या फायलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि ती डिस्क लॅपटॉपपासून काढून कपाटात ठेवा. दुसरं, विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू आहे का ते पाहा. नव्या लॅपटॉपवर ते बऱ्याचदा न सांगताच चालू असतं, आणि लिनक्स बसवताना सुरुवातीचा क्रम बदलला की विंडोज दारातच रिकव्हरी की मागतं. ती ४८ अंकांची असते. ती कागदावर लिहा, दुसऱ्याकडून ताडून घ्या, आणि मगच डिस्कला हात लावा.